साडेसात सेकंदांत तुटणारा जबाब

अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यातल्या पोलीस तपासनिसांनी गुन्हा सोसलेल्या किंवा पाहिलेल्या लोकांच्या घेतलेल्या जबाबांच्या ध्वनिफिती मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर, एडवर्ड गायसेलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासल्या. तो अभ्यास १९८७ साली प्रसिद्ध झाला. ‘काय घडलं ते सांगा,’ असं विचारल्यावर समोरची व्यक्ती बोलू लागायची आणि सरासरी साडेसात सेकंदांत तपासनीस तिला मध्येच थांबवून पुढचा प्रश्न टाकायचा. हे तपासनीस नवखे नव्हते. त्यांना गाडीचा रंग, वेळ, माणसाची उंची अशी नेमकी माहिती हवी होती, म्हणून ते नेमके प्रश्न विचारत होते.

नुकसान इथेच होतं. आठवायला एकाग्रता लागते आणि मध्येच तोडलं की दर वेळी ती भंगते. दोन-तीनदा असं झालं की सांगणाऱ्याच्या लक्षात येतं, इथे थोडक्यात उत्तर द्यायचं आणि पुढच्या प्रश्नाची वाट पाहायची. मग जे विचारलं जात नाही ते सांगितलंही जात नाही. आणि काय विचारायचं हे मुलाखत घेणाऱ्याला आधीच माहीत असतं, तर जबाबाची गरजच काय होती?

दुसरं नुकसान अधिक खोल आहे. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ मध्ये १५० जणांना मोटार अपघाताची छोटी चित्रफीत दाखवली. त्यांतल्या ५० जणांना गाड्या ‘धडकल्या’ तेव्हा वेग किती होता असं विचारलं, दुसऱ्या ५० जणांना त्याच प्रश्नात ‘धडकल्या’ऐवजी ‘आदळून चुराडा झाला’ अशा अर्थाचं जोरकस क्रियापद वापरलं, उरलेल्यांना वेगाबद्दल विचारलंच नाही. आठवड्याने सगळ्यांना विचारलं, फुटलेली काच दिसली होती का? चित्रफितीत काच फुटलीच नव्हती. तरी जोरकस क्रियापद ऐकलेल्या ५० पैकी १६ जणांनी ‘हो’ म्हटलं. साधं क्रियापद ऐकलेल्यांत असे ७ होते आणि काहीच न विचारलेल्यांत ६. प्रश्नातला एक शब्द आठवणीत जाऊन बसला होता, आणि सांगणाऱ्यांतलं कोणी खोटं बोलत नव्हतं. म्हणूनच गुन्हा सोसलेल्या माणसाचं पहिलं, न तोडलेलं, स्वतःच्या शब्दांतलं कथन हा सगळ्यांत मोलाचा पुरावा आहे, आणि बाकीची सगळी पद्धत ते जपण्यासाठी आहे.

एक काल्पनिक संवाद पाहा. ‘मी जिन्यावर होते, मागून कोणीतरी...’ ‘उंच होता का? काळा शर्ट होता ना?’ ‘हो, बहुतेक.’ एवढ्याशा संवादात चार चुका आहेत. कथन तुटलं. दोन प्रश्न एकत्र आले, त्यामुळे ‘हो’ नेमकं कशाला ते कळायला मार्ग नाही. ‘कोणीतरी’ म्हटलं असताना मुलाखतकाराने तो पुरुष ठरवून टाकला. आणि शर्टाचा रंग त्यानेच पुरवला. पुढच्या जबाबात तोच काळा शर्ट ‘बहुतेक’ गळून ठामपणे येऊ शकतो. इथे फक्त गप्प राहायचं होतं. वाक्य संपल्यावरही तीन-चार सेकंद थांबायचं आणि मग ‘कोणीतरी म्हणालात, त्याबद्दल जे आठवतं ते सांगा,’ एवढंच म्हणायचं.

सुरुवातीची पाच-दहा मिनिटं मात्र घाईने उरकू नयेत. मी कोण, किती वेळ लागेल, ध्वनिमुद्रण कोण ऐकेल, हे स्पष्ट सांगावं. मधेच थांबायची मुभा आहे हे नुसतं न सांगता थांबण्याची खूणही ठरवून घ्यावी. मग तीन गोष्टी आवर्जून सांगाव्यात. मी तिथे नव्हतो, त्यामुळे मला काही माहीत नाही. आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ हे पूर्ण उत्तर आहे, अंदाज बांधू नका. मी चुकीचं बोललो तर मला तिथल्या तिथे दुरुस्त करा. मुलांबाबत याआधी एखाद्या साध्या प्रसंगाचं, समजा कालच्या दिवसाचं, सविस्तर वर्णन करायला सांगतात, म्हणजे लांब उत्तर चालतं हे त्यांना अनुभवातून कळतं. मुलांना तोच प्रश्न पुन्हा विचारला तर आपलं पहिलं उत्तर चुकलं असं समजून ती अनेकदा उत्तर बदलतात, हेही ध्यानात ठेवावं.

मुख्य भागासाठी फिशर आणि गायसेलमन यांनी १९८० च्या दशकात बोधात्मक मुलाखतीची पद्धत विकसित केली. सांगणारा आधी मनाने त्या जागी परत जातो. उजेड कसा होता, आवाज कोणते, वास कसला, मनात काय चाललं होतं. डोळे मिटल्याने अनेकांना मदत होते, पण तशी सक्ती करू नये, कारण हिंसा सोसलेल्या माणसाला अनोळखी व्यक्तीसमोर डोळे मिटणं भीतीचं वाटू शकतं. मग किरकोळ वाटलं तरी सगळं सांगायला सुचवायचं. १९८५ च्या प्रयोगात या पद्धतीने सरासरी ४१ अचूक तपशील मिळाले, नेहमीच्या पोलिसी पद्धतीने २९. चुकांत लक्षणीय फरक नव्हता. पुढच्या अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात चुका थोड्या वाढलेल्या दिसल्या, म्हणून जास्त माहिती म्हणजे सगळी खरी माहिती असं धरू नये. कथन संपल्यावर त्यातलाच एकेक धागा उचलून ‘काय’, ‘कुठे’, ‘कोण’ विचारावं. हो-नाही प्रश्न अगदी शेवटी, तेही गरज असेल तरच.

‘का’ हा शब्द शक्य तितका टाळावा. ‘ओरडला का नाहीत?’ हा प्रश्न विचारणाऱ्याला कुतूहल वाटतो, ऐकणाऱ्याला तो आरोप वाटतो, आणि त्याच्या मुळाशी असलेलं गृहीतकच चुकीचं आहे. स्टॉकहोममधल्या एका तातडीच्या चिकित्सालयात बलात्कारानंतर महिन्याभरात आलेल्या २९८ स्त्रियांच्या अभ्यासात ७० टक्के जणींनी त्या वेळी शरीर लक्षणीय प्रमाणात ताठरून गेल्याचं नोंदवलं. ४८ टक्के जणींमध्ये हे अतितीव्र होतं. हालचाल आणि आवाज दोन्ही बंद होणं ही आपोआप होणारी शारीरिक प्रतिक्रिया आहे, ती संमतीची खूण नव्हे. तीव्र ताणाखाली आठवणीही असमान साठतात. शस्त्र लख्ख आठवतं आणि ते धरणाऱ्याचा चेहरा धूसर राहतो, प्रसंगांचा क्रम विस्कटतो. अशा विसंगतीवरून माणूस खोटा ठरवणं अशास्त्रीय आहे. ‘त्या क्षणी शरीराला काय जाणवत होतं?’ असं विचारलं तर बरंच काही कळतं.

‘अगदी बरोबर’, ‘छान’ हे शब्दही टाळावेत. गॅरी वेल्स आणि एमी ब्रॅडफील्ड यांनी १९९८ मध्ये दाखवलं की चुकीच्या माणसाला ओळखणाऱ्या साक्षीदारालाही ‘बरोबर ओळखलंत’ म्हटलं की त्याची खात्री वाढते, इतकी की आपण आधीपासूनच ठाम होतो असं त्याला वाटू लागतं. आपुलकी दाखवावी ती उत्तराबद्दल नव्हे, माणसाबद्दल: ‘हे सांगणं अवघड आहे, हवा तेवढा वेळ घ्या.’ दुभाषी लागला तर तो नातेवाईक नसावा आणि त्याने सारांश न सांगता प्रत्येक वाक्य प्रथमपुरुषातच सांगावं.

समुपदेशक, परिचारिका, पोलीस, मदतकेंद्रातले कार्यकर्ते यांची मुलाखत घेतानाच्या अडचणी वेगळ्या असतात. शेकडो प्रसंग हाताळल्याने त्यांच्या मनात एक ठरीव साचा तयार झालेला असतो. ‘सहसा काय करता?’ विचारलं की तो साचा किंवा नियमावली ऐकायला मिळते. ‘अलीकडच्या एका प्रसंगात, दार उघडल्यापासून काय केलंत ते क्रमाने सांगा,’ असं विचारावं. एखादी घटना पहिल्यांदा त्यांच्याच कानावर पडली असेल तर तीन गोष्टी वेगवेगळ्या काढाव्यात: समोरच्या व्यक्तीचे नेमके शब्द, त्याआधी तुम्ही विचारलेला प्रश्न, आणि नोंद केव्हा केली. मधला मुद्दा बहुतेक जण विसरतात, आणि कथन आपसूक आलं की प्रश्नातून उगवलं हे त्यावरच ठरतं. दोन सहकाऱ्यांना एकत्र बसवू नये. फिओना गॅबर्ट आणि सहकाऱ्यांच्या २००३ च्या प्रयोगात, घटनेवर आपसात बोललेल्या ७१ टक्के साक्षीदारांनी पुढे त्या बोलण्यातूनच कळलेले तपशील स्वतः पाहिल्यासारखे सांगितले.

गोपनीयतेची रेघ आधीच आखून घ्यावी. नाव लपवलं तरी वय, व्यवसाय आणि घटनेची तारीख एकत्र आली की माणूस ओळखू येतो, म्हणून या तिन्हींपैकी काय वगळायचं ते मुलाखतीपूर्वीच ठरवावं. शिवाय इतरांच्या यातना सतत ऐकून ऐकणाऱ्याच्याही मनात भीती, दुःस्वप्नं आणि बधिरपणा मुरतो. मानसशास्त्रज्ञ मॅककॅन आणि पर्लमन यांनी १९९० मध्ये ही अवस्था मांडली. तेव्हा ‘सगळ्यांत भयंकर प्रकरण कोणतं?’ या प्रश्नाने सुरुवात करू नये. ‘मदत कुठे अडते?’ याने करावी.

मुलाखत संपल्यावर आपल्याच ध्वनिमुद्रणातली पहिली दहा मिनिटं लिहून काढावीत, प्रत्येक प्रश्नापुढे खुला (स्वतःच्या शब्दांत सांगू देणारा), नेमका, हो-नाही किंवा सूचक (उत्तर सुचवणारा) अशी खूण करावी आणि ती सहकाऱ्याला दाखवावी. ही पायरी ऐच्छिक समजू नये. मुलांच्या मुलाखतींवर मायकेल लॅम्ब आणि सहकाऱ्यांनी केलेल्या कामात, नियमित तपासणी आणि अभिप्राय थांबताच प्रशिक्षित मुलाखतकारांचे खुले प्रश्न कमी झाले आणि जुन्या सवयी परतल्या.