पार्श्वभूमी: टाक्यांचं दुखणं, नर्सिंगचा प्रबंध आणि 2023 ची स्थगिती

ग्वाल्हेरात नर्सिंगच्या एमएस्सीचा विषय निघाला की बोलणं थेट कोर्टावर, म्हणजे 2023 मध्ये परीक्षांना मिळालेल्या स्थगितीवर जातं. प्रबंधांमध्ये नेमकं काय लिहिलं जातं, याची चौकशी क्वचितच कुणी करतं. शस्त्रक्रियेनंतरचं दुखणं हा त्यातला नेहमीचा, जवळजवळ ठरलेला विषय, आणि तो ठरलेला का झाला याला कारणं आहेत.

भूल देण्याची गोष्ट 1846 पासून सांगायची रीत आहे. ती इथे नको. भूल उतरल्यावर रुग्णाचं काय होतं, हा प्रश्न बराच उशिरा ऐरणीवर आला. 1968 मध्ये एका अमेरिकन परिचारिकेने मांडलं की रुग्ण जे म्हणेल ते दुखणं, आणि तो म्हणेल तेव्हा ते असतंच. 1973 च्या एका पाहणीत दिसलं की डॉक्टर वेदनाशामक मुळात कमी लिहितात आणि नर्सेस त्याहूनही कमी देतात. (ते रुग्ण मेडिसिन वॉर्डातले होते, सर्जरीचे नव्हेत, आपल्याकडे हे बऱ्याचदा गाळलं जातं.) 1998 मध्ये ब्रिटनच्या वेदना क्लिनिकांमधल्या 5130 रुग्णांचे कागद तपासले, तेव्हा 22.5 टक्क्यांच्या जुन्या दुखण्यामागे शस्त्रक्रियेचा हात निघाला. टाके सुकले म्हणजे सुटलो, ही समजूत तिथून ढासळली. आता तीन महिन्यांच्या पुढे टिकलेल्या अशा दुखण्याला आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात स्वतंत्र जागा आहे.

आपल्याकडे अडचण औषधापासूनच सुरू होते. मंदसौर आणि नीमच हा अफूचा मुलूख पूर्वी ग्वाल्हेर संस्थानातच होता; आजही तिथे परवान्याने अफू पिकते आणि नीमचच्या सरकारी कारखान्यात जाते. पण 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर रुग्णालयांनी अफूपासून बनणाऱ्या मॉर्फीनचं नावच टाकलं. परवान्यांची भानगड, नोंदवह्या आणि चुकलं तर थेट तुरुंग, असं लचांड कोण गळ्यात घेणार? 2014 च्या दुरुस्तीने सहा औषधांपुरती वाट मोकळी केली. 2018 मध्ये ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक उलट त्याच कायद्याखाली आलं. वॉर्डात उरलं ते डायक्लोफिनॅक आणि पॅरासिटामॉल, आणि 'दुखलं तर द्या' असं कागदावर लिहून गेलेले डॉक्टर. कधी आणि किती दुखलं हे ठरवायचं काम रात्रपाळीच्या सिस्टरकडे. औषध बदलण्याचा अधिकार मात्र तिच्याकडे नाही.

म्हणून एमएस्सीच्या प्रबंधात औषध दिसत नाही. दिसतं ते पावलांना मालीश, बर्फाचा शेक, संगीत, दीर्घ श्वसन, खोकताना पोटाशी धरायची उशी. मोजणी साधी. दुसऱ्या दिवशीच्या रुग्णापुढे विद्यार्थिनी 10 सेंटीमीटरची आडवी रेघ धरते. डावं टोक म्हणजे अजिबात नाही, उजवं म्हणजे सहन होण्यापलीकडे. रुग्णाने खूण करायची, मग पट्टीने मिलिमीटर मोजायचे. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एखाद्या मराठी आजी खूण करायच्याऐवजी म्हणतात, "तूच लाव गं बाई, तुला कळतंय की." नियमाने विद्यार्थिनीला ती खूण लावता येत नाही. मालीश केलेला गट आणि न केलेला गट, मिळून साठएक रुग्ण, आणि निष्कर्ष बहुधा 'फरक पडला'. या विषयांना नाकं मुरडणं सोपं आहे. परवानगी लागत नाही, खर्च नाही, सर्जन अडवत नाहीत. दोन वर्षांत दुसरं काय बसणार? देशात नर्सिंगची पदव्युत्तर पदवी दिल्लीत 1959 मध्ये सुरू झाली, तरी संशोधनाला लागणारा वेळ आणि मार्गदर्शक आजही अपुरेच आहेत.

हे सगळं 27 फेब्रुवारी 2023 नंतर बाजूलाच पडलं. नर्सिंगच्या परीक्षा दुसऱ्या दिवशी सुरू व्हायच्या होत्या; उच्च न्यायालयाच्या ग्वाल्हेर खंडपीठाने त्या थांबवल्या. आक्षेप असा की कॉलेजांना आधीच्या सत्रांची विद्यापीठ-संलग्नता मागाहून, मागच्या तारखेने दिली गेली. आक्षेपात दम होता, यावर वाद नाही. ग्वाल्हेरच्या अंचलात, म्हणजे आसपासच्या भागात, कॉलेजं कशी उगवली हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको: एका मजल्यावर पाटी आणि रुग्णालयाचा पत्ता नाही. वाद आहे तो सरसकटपणाचा. बीएस्सी, पोस्ट बेसिक (आधीच नर्स असलेल्यांची बीएस्सी) आणि एमएस्सी एकाच आदेशात अडकले. एमएस्सीला प्रवेश घेणारी मुलगी मुळात पदवीधर, नोंदणीकृत आणि किमान वर्षभर काम केलेली असते. बऱ्याच जणी नोकरी सोडून आलेल्या. बोगस कॉलेजचा सगळा राग तिच्यावरही निघाला. मार्गदर्शकांची वानवा तर आधीच होती, आणि नव्या शिक्षिका ज्या वर्गातून यायच्या तोच वर्ग थांबला.

पुढे कॉलेजांचा तपास सीबीआय या केंद्रीय यंत्रणेकडे गेला. 2024 च्या सुरुवातीला 308 कॉलेजांचा हिशेब आला: 169 योग्य, 74 त्रुटी असलेली, 65 अयोग्य. त्यानंतर अयोग्य ठरलेल्या कॉलेजांच्या विद्यार्थ्यांनाही परीक्षेला बसू दिलं गेलं. मुलांचा दोष काय, हे म्हणणं पटतं. पण मग वर्षभर सगळ्यांनाच कशासाठी अडवलं, याचं समाधानकारक उत्तर आदेशांच्या जंत्रीत सापडत नाही. मे महिन्यात तपास करणारे अधिकारीच लाच घेताना पकडले गेले, आणि 'योग्य' म्हटलेल्या 169 कॉलेजांची न्यायिक अधिकाऱ्यासमोर, कॅमेरा लावून फेरतपासणी करायचा आदेश निघाला. दरम्यान ऑगस्ट 2023 मध्ये 1947 च्या नर्सिंग परिषद कायद्याची जागा घेणारा राष्ट्रीय नर्सिंग आयोगाचा कायदा आला होता.

फेरतपासणीचा भर इमारत, खाटा आणि शिक्षकसंख्येवर राहिला. दुखण्यावरचे प्रबंध कॉलेजांच्या ग्रंथालयात बांधीव पडून आहेत. वॉर्डात इंजेक्शन अजूनही 'दुखलं तर'च मिळतं.