पोलीस-मानसोपचार संयुक्त प्रतिसाद (बेळगाव सीमाभाग)

मानसिक आजाराचा तीव्र झटका, आत्महत्येचा प्रयत्न किंवा तशाच आणीबाणीत पोलीस आणि मानसोपचारातील जाणकार यांनी मिळून रुग्णापर्यंत पोहोचण्याची पद्धत. अमेरिकेतील मेम्फिस शहरात १९८७ मध्ये चाकू हाती घेतलेला एक मनोरुग्ण तरुण पोलिसांच्या गोळीबारात मारला गेला. त्यानंतर १९८८ पासून तेथे निवडक पोलिसांना ४० तासांचे प्रशिक्षण देण्याची पद्धत सुरू झाली. लॉस एंजेलिसमध्ये १९९३ पासून पोलीस आणि मानसोपचार कर्मचारी एकाच गाडीतून जाऊ लागले.

बेळगाव, खानापूर, निपाणी या मराठीबहुल पट्ट्यात अशी गाडी फिरताना दिसत नाही. येथे पोलीस आणि डॉक्टर यांची गाठ घातली आहे ती मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ ने. कलम १०० नुसार, मानसिक आजारामुळे स्वतःची काळजी घेऊ न शकणारी किंवा स्वतःला वा इतरांना धोका असलेली व्यक्ती हद्दीत आढळल्यास तिला संरक्षणात घेणे ही ठाणेप्रमुखाची जबाबदारी असते. २४ तासांच्या आत तिला जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत न्यावे लागते. कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. घरातच कोणाचे हाल होत असतील तर कलम १०१ खाली न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवावे लागते, आणि ते तपासणीसाठी जास्तीत जास्त १० दिवस दाखल करण्याचा आदेश देऊ शकतात. साखळदंडाने बांधण्यास कलम ९५ ची मनाई आहे.

प्रत्यक्षात सुरुवात ठाण्यातून क्वचितच होते. आधी गल्लीतले पंच, मग देवऋषी किंवा सौंदत्तीची वारी, आणि सगळे हाताबाहेर गेल्यावर ११२ किंवा १०८. दुसरी वाट याहून जास्त मळलेली आहे. शेतावरचे कीटकनाशक कोणी प्यायले की त्याला आधी दवाखान्यात आणतात, एमएलसीची (पोलिसांना कळवावे लागणाऱ्या वैद्यकीय प्रकरणाची) नोंद होते आणि जबाब घ्यायला पोलीस येतात. म्हणजे येथे डॉक्टर पोलिसांना बोलावतो. कलम ११५ नुसार असा माणूस तीव्र तणावाखाली होता असे गृहीत धरले जाते आणि त्याच्यावर खटला चालवता येत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९ मधला आत्महत्येच्या प्रयत्नाचा तो जुना गुन्हाच राहिलेला नाही. तरीही ‘केस होईल’ या धास्तीने ‘चुकून पोटात गेलं’ असे सांगितले जाते, आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे जायची चिठ्ठी मिळण्याची संधी तिथेच हुकते. संयुक्त प्रतिसादाची सर्वात स्वस्त सुधारणा याच खाटेपाशी होऊ शकते: जबाब घेणाऱ्या हवालदाराने गुन्हा नसल्याचे आधी सांगणे.

भाषेचा प्रश्न इथे सोयीपुरता नाही. ठाण्याचे कागद कन्नडमध्ये होतात. भेदरलेला माणूस मात्र घरच्या मराठीत बोलतो. त्याला कळेल अशा भाषेत माहिती देणे कायद्याने रुग्णालयावर बंधनकारक केले आहे. पोलिसांनाही संरक्षणात घेण्याचे कारण त्याला, आणि त्याला ते उमगत नसेल तर त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला (त्याच्या वतीने बोलण्यासाठी नेमलेल्या व्यक्तीला), सांगावे लागते. बडबड अर्थहीन आहे की फक्त ऐकणाऱ्याला मराठी येत नाही, हा फरक निदानापर्यंत पोहोचतो.

उपचारांची मोठी संस्था धारवाडला आहे. तिचे मूळ १८४५ च्या वेड्यांच्या इस्पितळात आहे. बेळगावात जिल्हा रुग्णालय आहे. कर्नाटक सरकारच्या मनोचैतन्य योजनेत मंगळवारी तालुका रुग्णालयांत मानसोपचारतज्ज्ञ येतात. संकट मात्र वार पाहून येत नाही. मधल्या वेळेसाठी टेली-मानस (१४४१६) ही १० ऑक्टोबर २०२२ पासूनची दूरध्वनी सेवा आहे. निपाणीकरांना कोल्हापूर जवळ पडते, पण हद्द ओलांडली की पोलीस ठाणे आणि राज्याचे मानसिक आरोग्य प्राधिकरण दोन्ही बदलतात.

हा पेच सर्वात जास्त जाणवतो तो भटकत आलेल्या बेवारस रुग्णाच्या बाबतीत. लोंढ्यासारख्या जंक्शनवर उतरलेला माणूस गोव्याचा, कोकणातला की आणखी कुठला, हे त्याला सांगता येतेच असे नाही. अशा वेळी हरवलेल्या व्यक्तीची नोंद करून नातेवाइकांचा शोध घेण्याचे काम कलम १०० ठाणेप्रमुखावरच टाकते. रुग्णालयाचे काम संपले तरी ते उरतेच.