लाल बीट, काळी मेंदी आणि मुलांचं रक्त

राष्ट्रीय सेवा योजनेचं हिवाळी शिबिर लागलं की कॉलेजची मुलंमुली दत्तक गावातल्या शाळेत पोषणाचे तक्ते घेऊन जातात. फार मोलाचं काम आहे ते. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या ६८.९ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणूनच ‘रक्तवाढीसाठी’ या मथळ्याखाली पहिलं चित्र बीटाचं दिसलं की वाईट वाटतं. बीटाचा लाल रंग बीटालेन या रंगद्रव्याचा. रक्तातल्या हिमोग्लोबिनशी, म्हणजे लोहापासून बनणाऱ्या लाल द्रव्याशी, त्याचं काही नातं नाही. शंभर ग्रॅम बीटात लोह जेमतेम एक मिलिग्रॅम, तेवढ्याच बाजरीत सहाच्या आसपास. लाल म्हणून रक्ताला, अक्रोड मेंदूसारखा दिसतो म्हणून बुद्धीला, ही निव्वळ अंधश्रद्धा आहे आणि तिच्या जोरावर महागड्या पावडरी खपतात.

पण बाजरी खाल्ली म्हणजे लोह रक्तात पोचलं असंही नाही. खरी गंमत पुढेच आहे. धान्य-भाज्यांतलं लोह बहुतांशी फेरिक, म्हणजे तीन धनभारांचं असतं. जठरातल्या आम्लात ते विरघळतं, पण लहान आतड्यात आम्लता कमी झाली की साका होऊन खाली बसू लागतं. शिवाय आतड्याच्या पेशीवरचं डीएमटी-१ हे वाहक प्रथिन फक्त दोन धनभारांचं, फेरस लोह आत घेतं. इथे क जीवनसत्त्व कामाला येतं. ते फेरिकला एक इलेक्ट्रॉन देऊन फेरस करतं, शिवाय लोहाला धरून विरघळलेलं ठेवतं. पेशीतून फेरोपोर्टिन या दुसऱ्या वाहक प्रथिनाच्या वाटेनं लोह रक्तात उतरतं. अंगात संसर्ग असेल तर यकृतातलं हेप्सिडिन हे संप्रेरक ही वाट बंद करतं, म्हणून सतत आजारी पडणाऱ्या मुलाला नुसतं खाऊ घालून भागत नाही.

चहा याच्या उलट वागतो. लोखंडी कढईत चहाच्या पाण्यात भिजवलेली मेंदी काळी पडते, ती चहातली टॅनिनं, म्हणजे तुरट द्रव्यं, लोहाला पकडतात म्हणून. जेवणासोबत चहा घेतला की आतड्यातही हीच पकड बसते आणि लोहाचं शोषण निम्म्याहून खाली येऊ शकतं. आपल्याकडे कितीतरी मुलांची न्याहारी चहा-चपातीची असते. म्हणून स्वयंसेवकांनी तक्ता उघडण्याआधी मुलांना विचारावं, सकाळी काय खाल्लं आणि त्यासोबत काय प्यायलात? मग सांगावं: चहा नको, मोड आलेल्या मटकीच्या उसळीवर लिंबू पिळा, जेवणानंतर पेरूची फोड खा. मोड आणल्यानं कडधान्यातलं लोहाला अडवणारं फायटेट हे द्रव्यही कमी होतं.

आणि आयांना एक गोष्ट आवर्जून सांगावी. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची गोळी घेतल्यावर शी काळी होते आणि घाबरून घरचे गोळी बंद करतात. तो काळेपणा न शोषल्या गेलेल्या लोहाचा असतो. गोळी चालू ठेवावी, फक्त चहाबरोबर देऊ नये.