गोळी सोडल्यावर बीपी वाढलं: उसळी की मूळ रक्तदाब?

बीपीची गोळी कमी केली किंवा थांबवली आणि आकडा चढला, की सगळे एकच म्हणतात, 'बीपी परत आलं.' पण हे दोन प्रकारे होतं. औषध अचानक तोडल्यामुळे शरीर उलट उसळतं, हा एक प्रकार. औषधाने आटोक्यात ठेवलेला मूळ रक्तदाब हळूहळू वर येतो, हा दुसरा. दोन्हींवर करायचं ते वेगळं आहे.

उसळी मुख्यतः दोन औषधांमुळे येते: क्लोनिडिन आणि बीटा ब्लॉकर (अॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, प्रोप्रानोलॉल). क्लोनिडिन मेंदूकडून हृदयाला व रक्तवाहिन्यांना जाणारे उत्तेजक संदेश रोखतं. ते एकदम बंद केलं की साधारण एक ते तीन दिवसांत हे संदेश जोरात सुटतात. धडधड, घाम, थरथर, डोकेदुखी सुरू होते आणि बीपी कधीकधी औषध सुरू करण्याआधी होतं त्याच्याही वर जातं. बीटा ब्लॉकरचं थोडं निराळं. ही गोळी चालू असताना शरीर अॅड्रेनॅलिनला (ताणाच्या वेळी हृदयाचा वेग वाढवणाऱ्या संप्रेरकाला) प्रतिसाद देणारी ग्राहकस्थानं वाढवून ठेवतं. गोळी गेली की ती सगळी उघडी पडतात. ज्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या आधीच अरुंद आहेत, त्यांना यातून छातीत दुखणं किंवा हार्ट अटॅकही येऊ शकतो. म्हणूनच बीटा ब्लॉकर साधारण एक ते दोन आठवड्यांत, टप्प्याटप्प्याने उतरवतात. क्लोनिडिनलाही किमान दोन ते चार दिवस लागतात, डोस मोठा असेल तर जास्त. दोन्ही चालू असतील तर आधी बीटा ब्लॉकर उतरवतात आणि काही दिवसांनी क्लोनिडिन. हा क्रम उलटा झाला तर उसळी जास्त धोक्याची ठरते.

ऑपरेशनसाठी उपाशी राहायचं असेल किंवा सतत उलट्या होत असतील, तेव्हाही गोळी पोटात जात नाही आणि नकळत हेच घडू शकतं. अशा वेळी या दोन गोळ्यांचं काय करायचं, हे डॉक्टरांना आधी विचारून ठेवा.

मूळ रक्तदाबाचं पुनरागमन मात्र गाजावाजा न करता होतं. अॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल ही औषधं थांबवल्यावर सहसा उसळी येत नाही, आणि लक्षणंही बहुतेकदा नसतात. इथेच फसगत होते. अॅम्लोडिपिन रक्तातून जवळजवळ पूर्ण निघून जायला आठवडा ते दहा दिवस लागतात. 'तीन दिवस गोळी घेतली नाही, तरी बीपी १२५ आहे' म्हणजे आजार गेला असं नाही, औषध अजून अंगात आहे. खरा आकडा दोन-चार आठवड्यांनी दिसतो, काहींचा काही महिन्यांनी.

मोजणी नीट असेल तरच फरक कळतो. अर्धा तास आधी चहा, कॉफी, तंबाखू, व्यायाम नको. लघवी करून, पाठ टेकवून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं शांत बसा. दंड हृदयाच्या पातळीवर ठेवा आणि एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. सकाळ-संध्याकाळ सात दिवस असं करा, पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त असेल तर बीपी वाढलेलं समजा. उभं राहिल्यावर एक आणि तीन मिनिटांनीही मोजावं: वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर डोस जास्त होत असण्याची शक्यता आहे. डोस कमी करण्याचं ते रास्त कारण, फक्त डॉक्टरांशी बोलून.

उसळी वाटली तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. बहुतेक वेळा तेच औषध पुन्हा सुरू करून नंतर अधिक सावकाश उतरवतात. मूळ रक्तदाब परतला असेल, तर त्या माणसाला आज तरी औषधाची गरज आहे. औषध कितीही सावकाश उतरवलं तरी हे उत्तर बदलत नाही. बदलू शकतं ते वजन आणि मीठ. दर किलोमागे वरचा आकडा साधारण १ ने उतरतो, आणि दिवसाचं मीठ ५ ग्रॅमच्या आत आणल्याचाही उपयोग होतो.

एका वेळी एकाच औषधाचा डोस कमी करावा, नाहीतर आकडा कशामुळे चढला हे कळत नाही. लाँग अॅक्टिंग (औषध हळूहळू सोडणाऱ्या) गोळ्या विचारल्याशिवाय मोडून अर्ध्या करू नका. मोडल्यावर काहींमधलं औषध एकदम सुटतं. आणि बीपीची एखादी गोळी हार्ट अटॅकनंतर, हृदय कमजोर असल्यामुळे किंवा लघवीतून प्रोटीन जातं म्हणून दिलेली असेल, तर बीपी उत्तम असलं तरी ती त्या कारणासाठी चालू ठेवावी लागते.

आकडा १८०/१२० च्या वर आणि सोबत छातीत दुखणं, दम लागणं, बोलणं अडखळणं, एका बाजूची ताकद जाणं किंवा नजर धूसर होणं असेल, तर उसळी की मूळ रक्तदाब याचा विचार करत बसू नका. थेट इमर्जन्सी गाठा.