चिपसेट परवाना

चिपसेट म्हणजे प्रोसेसरला मेमरी आणि बाकी भागांशी जोडणाऱ्या मदरबोर्डवरच्या चिप. आपल्या प्रोसेसरच्या बसला, म्हणजे डेटा ये-जा करायच्या मार्गाला, जोडता येईल असा चिपसेट बनवायला एका चिप कंपनीने दुसरीला दिलेली कायदेशीर मुभा. २००८ पर्यंतच्या इंटेल पीसीत मेमरी कंट्रोलर (रॅम हाताळणारा भाग) प्रोसेसरमध्ये नसे, चिपसेटच्या नॉर्थब्रिज या चिपमध्ये असे. त्यामुळे रॅम कुठली लागणार हे चिपसेट ठरवी, आणि चिपसेट कोणी बनवायचा हे परवाना.

याचं सर्वांत ठळक उदाहरण पेन्टियम ४. त्याची बस सेकंदाला ३.२ जीबी डेटा घेऊ शकत होती. २००१ मध्ये आलेल्या इंटेलच्या ८४५ चिपसेटला सुरुवातीला पीसी१३३ एसडीरॅम ही जुन्या प्रकारची रॅमच लागे. ती जेमतेम १.०६ जीबी देई. त्याच वर्षी व्हिया कंपनीने पी४एक्स२६६ आणला. त्यावर डीडीआर२६६ ही नव्या प्रकारची रॅम चाले, म्हणजे २.१ जीबी. प्रोसेसर तोच, मेमरीचा रस्ता दुप्पट रुंद. इंटेलच्या मते व्हियाकडे या बसचा परवाना नव्हता. प्रकरण कोर्टात गेलं, आणि बरेच बोर्ड उत्पादक तो चिपसेट घ्यायला कचरले. तडजोड झाली एप्रिल २००३ मध्ये; तोवर इंटेलचे स्वतःचे डीडीआर चिपसेट बाजारात आलेले होते. या भांडणात नुकसान ग्राहकाचं झालं, असंच म्हणावं लागतं.

इंटेलची प्रतिस्पर्धी एएमडीने वेगळी वाट धरली. इंटेलची स्लॉट १ या प्रोसेसर बसवायच्या खाचेची बस मिळत नव्हती, म्हणून १९९९ च्या अ‍ॅथलॉनसाठी डिजिटल कंपनीची ईव्ही६ बस घेतली. एएमडीच्या स्लॉट ए चा कनेक्टर दिसायला स्लॉट १ सारखाच, फक्त उलटा बसवलेला. विजेच्या जोडण्या मात्र पूर्ण निराळ्या.

ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाला २००४ च्या करारात इंटेल बसचा परवाना मिळाला. मग २००८ च्या शेवटी इंटेलचे नेहालेम प्रोसेसर आले आणि मेमरी कंट्रोलर प्रोसेसरमध्येच गेला. जुना करार अशा प्रोसेसरना लागू नाही, असा दावा इंटेलने फेब्रुवारी २००९ मध्ये कोर्टात केला. त्याच वर्षी एनव्हिडियाने नव्या चिपसेटचं काम थांबवलं. परिणाम २०१० च्या १३ इंची मॅकबुक प्रोमध्ये दिसतो: ग्राफिक्स जीफोर्स ३२०एम, प्रोसेसर मात्र जुना कोअर २ ड्युओ, कारण नव्या कोअर आय मालिकेला एनव्हिडियाचा चिपसेट जोडता येत नव्हता. जानेवारी २०११ च्या तडजोडीत इंटेलने १.५ अब्ज डॉलर द्यायचं कबूल केलं. चिपसेट काही परत आले नाहीत.

सोलापुरात हा इतिहास दुरुस्तीच्या टेबलावर भेटतो. पूर्व भागातल्या किंवा अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या यंत्रमाग कारखान्यात चादर-टॉवेलची जेकार्ड डिझाइनं काढणारा जुना पीसी असेल, तर रॅम आणण्याआधी स्लॉट पाहावा: एसडीरॅमला १६८ पिना आणि दोन खाचा, डीडीआरला १८४ पिना आणि एकच खाच. ८४५ च्या बोर्डांत दोन्ही प्रकार आहेत. सीपीयू-झेड या पीसीची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये डीडीआर२६६ चा वेग १३३ दिसतो. तो बिघाड नाही, निम्मा आकडा दाखवायची पद्धत आहे.

बोर्ड जळाला की जुनी हार्डडिस्क दुसऱ्या कंपनीच्या चिपसेटवर लावली जाते आणि विंडोज एक्सपी ७बी क्रमांकाचा निळा पडदा दाखवतं. कारण डिस्क कंट्रोलरचा ड्रायव्हर जुन्या चिपसेटचा असतो. म्हणून जुना बोर्ड जळण्याआधी, तो चालत असतानाच डिव्हाइस मॅनेजरमध्ये तो ड्रायव्हर बदलून ‘स्टँडर्ड ड्युअल चॅनेल पीसीआय आयडीई कंट्रोलर’ निवडावा, पीसी बंद करावा आणि मगच डिस्क हलवावी.

एनव्हिडियाच्या एनफोर्स४ चिपसेटच्या बोर्डांचा खरा शत्रू सुताची तूस. चिपसेटवरच्या छोट्या पंख्यात ती गुंडाळली जाते, पंखा आधी घरघरतो आणि मग थांबतो. साटा (डिस्कची जोडणी) आणि यूएसबी त्याच चिपमध्ये असल्याने डिस्क मध्येच गायब होते, पीसी अडकतो, आणि दोष विनाकारण डिस्कला दिला जातो. ग्राफिक्स कार्ड काढून पंखा बोटाने धरावा आणि ब्रशने तूस काढावी. पंखा जड फिरत असेल तर बोर्डाच्या मागून प्लॅस्टिकच्या पिना चिमट्याने दाबून हीटसिंक (चिपची उष्णता ओढणारा धातूचा तुकडा) सोडवावा, वाळलेली पेस्ट आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसावी आणि नवी अगदी पातळ लावावी. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा पंखा काढून नुसता हीटसिंक लावायचा असेल तर कॅबिनेटला मागचा पंखा हवाच.