‘तेव्हाच का नाही सांगितलं?’

‘लैंगिक अत्याचार खरंच घडला असता तर मूल लगेच बोललं असतं,’ हा समज वर्षानुवर्षं फिरतोय. उशिरा बोलणं हा खोटेपणाचा पुरावा नाही. अत्याचार करणारा बहुतेकदा ओळखीचाच असतो. आधी विश्वास कमावतो, मग ‘हे आपलं गुपित’ म्हणतो. मूल स्वतःलाच दोष देतं. म्हणून अनेक जण मोठेपणी बोलतात, तेही तुकड्यातुकड्यांनी. कधी घाबरून शब्द मागेही घेतात. पडताळायचंच तर बघा: तेव्हा ते मूल कोणावर अवलंबून होतं, बोलून काय गमावणार होतं?

कोणी सांगू लागलं तर ‘मग काय झालं?’ एवढंच विचारा. ‘त्याने हात लावला ना?’ असं उत्तर सुचवलंत, तर पुढे जबाबावरच शंका घेतात. सांगणाऱ्याचेच शब्द तारखेसह लिहून ठेवा.