गर्भाशयाच्या धमन्या आपला ताबा सोडतात तेव्हा

एरवी गर्भाशयाला मिनिटाला जेमतेम ५० मिलिलिटर रक्त पुरते. दिवस भरत येतात तेव्हा हा पुरवठा ५०० ते ७५० मिलिलिटरवर गेलेला असतो; आईच्या हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा साधारण दहावा हिस्सा एकट्या गर्भाशयाकडे वळतो. ही वाढ थक्क करणारी आहेच. पण मला त्याहून विलक्षण वाटते ती दुसरी गोष्ट: एवढे रक्त वारेपर्यंत, म्हणजे बाळाला पोसणाऱ्या प्लासेंटापर्यंत, पोचते ते संथपणे. ते संथ झाले नाही, तर बाळ आणि आई दोघांनाही भोगावे लागते.

दोन्ही बाजूंच्या गर्भाशय धमन्यांना फाटे फुटत जातात. त्यातला शेवटचा फाटा म्हणजे आतल्या अस्तरातल्या पिळदार, सर्पिल धमन्या. यांच्या भिंतीत स्नायू असतो आणि तो सहज आवळला जातो. पाळीच्या वेळी त्या आकसतात, अस्तराचा रक्तपुरवठा तुटतो आणि ते गळून पडते. गर्भारपणात मात्र हे आकसणे परवडणारे नसते.

म्हणून तो स्नायूच काढून टाकला जातो. वारेतून ट्रोफोब्लास्ट नावाच्या पेशी निघतात आणि आईच्या धमन्यांच्या भिंतीत शिरतात. या पेशी गर्भाच्या बाजूच्या, म्हणजे निम्मी जनुके वडिलांची. आईच्या प्रतिकारशक्तीने त्यांना परके म्हणून हुसकावायला हवे. प्रत्यक्षात गर्भाशयातल्या प्रतिकारपेशी त्या येण्याआधीच धमन्यांची भिंत सैल करायला लागलेल्या असतात! मग स्नायू आणि लवचीक तंतू नाहीसे होतात, त्यांच्या जागी तंतुमय पदार्थ येतो, आणि धमनीचे तोंड नरसाळ्यासारखे रुंदावून दोन-तीन मिलिमीटरचे होते. गणिती अंदाज सांगतात की हे रुंदावणे नसते, तर रक्त सेकंदाला एक मीटरहून अधिक वेगाने वारेवर आदळले असते. रुंदावल्यामुळे तो वेग दहा सेंटिमीटरच्या आसपास येतो. वारेचे नाजूक अंकुर तेवढाच झोत सोसू शकतात. शिवाय स्नायूच उरला नसल्याने, आई घाबरली, दमली तरी त्या टोकाला धमनी आवळली जात नाही.

याची सुरुवात मात्र रक्त अडवण्यापासून होते. पहिले दहा-बारा आठवडे याच पेशींची बुचे धमन्यांची तोंडे बरीचशी बंद ठेवतात. त्या काळात जास्त ऑक्सिजन कोवळ्या पेशींना अपायकारक ठरतो. तोवर पोषण गर्भाशयाच्या ग्रंथींमधून मिळते. बुचे सुटली की रक्ताची खरी ये-जा सुरू होते.

वरच्या मोठ्या धमन्यांचे तंत्र वेगळे. त्यांचा स्नायू शाबूत राहतो. इस्ट्रोजेन आणि वाढत्या प्रवाहाचे घर्षण यांमुळे धमनीच्या आतल्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड सुटते, धमनी सैलावते, आणि पुढे तिचा व्यास जवळपास दुप्पट होतो.

ब्रोसेन्स, रॉबर्टसन आणि डिक्सन या संशोधकांनी १९६७ मध्ये सर्पिल धमन्यांतला हा बदल तपशीलवार मांडला. १९७२ मध्ये त्यांनी दाखवले की प्री-एक्लॅम्पसिया या गर्भारपणातल्या आजारात तो अर्धवट राहतो: पेशी खोलवर, गर्भाशयाच्या स्नायूपर्यंत, पुरेशा शिरत नाहीत. बीपी वाढते, लघवीतून प्रथिने जातात, बाळाची वाढ खुंटू शकते. ही लक्षणे विसाव्या आठवड्यानंतर दिसतात. पण बिघाडाची सुरुवात बऱ्याचदा त्याच्या कितीतरी आधी झालेली असते. म्हणूनच सुरुवातीच्या तपासण्या टाळू नयेत, असे मी आवर्जून सांगेन.

रक्ताचा वेग मोजणाऱ्या डॉप्लर सोनोग्राफीत याचा सुगावा लागतो. गर्भाशय धमनीच्या आलेखात प्रत्येक ठोक्यानंतर, लाट उतरताना, एक छोटी खाच दिसते. पुढचा रस्ता मोकळा झाला की सहसा विसाव्या ते चोविसाव्या आठवड्यापर्यंत ती नाहीशी होते. टिकून राहिली, तर डॉक्टर जास्त लक्ष ठेवतात. जोखीम जास्त असलेल्या स्त्रियांवरच्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत ११ ते १४ आठवड्यांपासून रोज रात्री १५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिल्यावर ३७ आठवड्यांआधी होणाऱ्या प्री-एक्लॅम्पसियाचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आले. अर्थात ही गोळी कुणाला द्यायची, हे डॉक्टरांनीच ठरवायचे.

बाळंतपणात वार सुटते तेव्हा या धमन्यांची तोंडे उघडी पडतात, आणि आवळायला लागणारा त्यांचा स्वतःचा स्नायू तर गेलेला असतो. ते काम गर्भाशयाचा स्नायू करतो. त्याचे धागे या रक्तवाहिन्यांभोवती आडवेतिडवे विणलेले असतात. गर्भाशय घट्ट आवळले की त्या चिमटल्या जातात. ते सैल राहिले तर रक्तस्राव काही मिनिटांत जिवावर बेतू शकतो. बाळ जन्मताच आईला ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन देतात ते याचसाठी.